टाळ्या वाजवायच्या नाहीत

आमच्या संस्थेतून कोणी नोकरी सोडून निघालं, की नाना आधी त्याचं वजन करायचे.

थट्टा नाही, खरंच. संस्था वन्यजीव वाचवायची. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, पेरूच्या बागेला लागून एक जुना बंगला आम्ही भाड्याने घेतला होता. पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस आणि मागच्या अंगणात पिंजरे. संक्रांतीला मांज्याने पंख कापलेल्या घारी यायच्या, द्राक्षबागांच्या जाळ्यांत अडकलेल्या धामणी यायच्या, कधी विहिरीत पडलेला कोल्हा, तर एखाद्या भाग्याच्या वर्षी बिबट्या. यांना बरं करायचं आणि परत रानात सोडायचं, हे नानांचं काम. अंगणातच कोपऱ्यात त्यांची खोली होती. लग्न केलेलं नव्हतं. घर म्हणाल तर ती खोली आणि गणगोत म्हणाल तर त्या आठवड्यात पिंजऱ्यात जे काही असेल ते.

नाना या अंगणाबाहेर चार दिवस तरी जगू शकतील का, यावर आमच्यात चहाच्या वेळी कायम वाद व्हायचा. कोणीही जिंकायचं नाही, कारण नाना चार दिवस बाहेर कधी गेलेच नव्हते.

तर वजन. प्राणी सोडायचे नानांचे नियम ठरलेले होते आणि माणसांसाठी निराळे नियम कशाला करायचे, असा त्यांचा सवाल होता. कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी अंगणातल्या वजनकाट्यावर उभं करायचे. हा काटा धान्याच्या दुकानातून जुना घेतलेला होता आणि त्याला ज्वारीचा वास यायचा. निघतानाही त्याच काट्यावर उभं राहावं लागे. येतानापेक्षा वजन कमी भरलं तर नाना मान हलवायचे. "कमी हाय. वजन घटलेलं जनावर सोडत नसत्यात." माझा आकडा मी इथे सांगणार नाही, पण मला संस्थेतून कधीही सोडता आलं असतं एवढं नक्की.

दिसायला नाना साधेच, फक्त मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालायचे. कधीकाळी एका घुबडाने त्यांचा हात ओरबाडला होता, तेव्हापासून स्वेटर अंगावरून उतरला नाही. गळ्यात दुर्बीण. तिचा पट्टा तुटल्यावर त्यांनी पायजम्याची नाडी लावली होती, त्यामुळे बाहेरच्या पाहुण्यांशी ते अगदी गंभीरपणे गिधाडांबद्दल बोलत असले तरी पाहुण्यांचं लक्ष नाडीकडे असायचं.

आणि नावं. पिंजऱ्यातल्या प्राण्याला नाव द्यायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. नाव दिलं की जीव गुंततो आणि मग सोडवत नाही. साहजिकच आम्हालाही त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी शाळाशाळांतून कार्यक्रम करायचे, म्हणून मी शाळावाली. आमचा ड्रायव्हर म्हणजे जीप. जनावरांचा तरुण डॉक्टर म्हणजे सुई. जमाखर्च बघणारा हिशेब आणि टायपिंग करणारी मुलगी खटखट. संस्थेच्या अध्यक्षा कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या होत्या, त्यांना मात्र थोडा मान राखून मोठ्या बाई. काही वर्षांनी आम्हीही एकमेकांना याच नावांनी हाका मारू लागलो. जीपच्या बायकोने एकदा ऑफिसात फोन करून विचारलं होतं, "जीप निघाली का?" आणि मी म्हटलं होतं, "निघाला, पण रिक्षाने."

खटखटचं लग्न ठरलं आणि ती पुण्याला निघाली, तेव्हा मोठा पेच झाला. पोरगी लग्नाच्या शालूत बारीक दिसावं म्हणून महिनाभर काकडीवर जगत होती. काट्यावर उभी राहिली आणि नानांनी मान हलवली.

"अहो नाना, रविवारी माझी हळद आहे!"

"मग खा."

"मी जाणार म्हणजे जाणार!"

"जा की. पण मी सोडली आसं व्हणार नाय ते."

हे ऐकून खटखट रडकुंडीला आली. आम्हाला सगळ्यांनाच नानांनी सोडलेलं हवं असायचं. का, ते सांगता येत नाही. ती दुसऱ्या दिवशी पर्समध्ये दोन पेपरवेट आणि ऑफिसचं पंचिंग मशीन भरून काट्यावर चढली. नानांनी काट्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोटात काय हाय ते मोजतोय मी. पर्सेत काय हाय ते न्हाई." मग समोर साबुदाणेवड्यांची ताटली ठेवली. खटखटने ते वडे हसत, रडत, नानांना शिव्या देत खाल्ले. शालूचं ब्लाउज ऐनवेळी उसवावं लागलं म्हणे.

निरोपाचा खरा सोहळा वजनानंतर. मी पहिल्यांदा पाहिला तो हिशेबचा, खटखटच्याही आधी. त्याला बँकेत नोकरी लागली होती, हरसूलच्या शाखेत. मोठ्या बाई शाल, नारळ आणि चार पानांचं भाषण घेऊन आल्या होत्या. बंगल्याचं फाटक सताड उघडलेलं. हिशेब इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर उभा. आता हार घालणार म्हणून त्याने मान जराशी पुढे केली होती. तेवढ्यात नाना आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "चला, सगळे गाडीमागं."

"अहो, पण सत्कार?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"सत्कार न्हाई, भाषण न्हाई, टाळ्या तर बिलकूल वाजवायच्या न्हाईत. आवाज झाला की बिथरतंय. भलतीकडंच पळतंय. आन् पाठ करून बसायचं. माणूस बघतोय म्हणल्यावर पाय निघत नाय त्याचा."

साऱ्या कॉलेजला धाकात ठेवलेल्या आमच्या अध्यक्षा हातात शाल-नारळ घेऊन गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या. त्यांच्याशेजारी मी, मग सुई, मग जीप. सगळ्यांची तोंडं पेरूच्या बागेकडे. मागे नुसती शांतता. मग हिशेबच्या नव्या बुटांचा आवाज. एक पाऊल, मग थांबला. बिचारा गोंधळला असणार. आमच्या मागून नाना कुजबुजले, "जाईल. जाईल. घाई करू नका." मोठ्या बाईंचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर तोंडात शालीचा बोळा कोंबून हसतायत. त्यांचं पाहून मला आवरेना, माझं पाहून सुईला. आणि याच गोंधळात केव्हातरी बुटांचा आवाज रस्त्याला लागला आणि दूर गेला.

नानांनीच सगळ्यांत शेवटी मागे वळून पाहिलं. फाटक रिकामं होतं. "गेला," म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

त्यानंतर आठवड्याच्या आत नाना सकाळीच कुठेतरी नाहीसे झाले. खाजगी काम आहे म्हणाले. नानांना खाजगी काम असणं हीच एक बातमी होती. पुढचं सगळं आम्हाला हिशेबकडून कळलं.

हरसूलचा आठवडे बाजार होता त्या दिवशी. बँकेसमोर टोपल्या-सुपांचा ढीग लावून एक बाई बसली होती आणि त्या ढिगामागे लोकरीचा स्वेटर घातलेला एक माणूस, डोळ्यांना दुर्बीण लावून, सकाळपासून बँकेच्या खिडकीकडे बघत होता. शिपायाने त्याला पाहिलं आणि धरून आत आणलं.

"सायेब, ह्यो माणूस कवाचा बँकेवर नजर ठिवून हे."

"काय बघत होतास रे?" मॅनेजरने विचारलं.

नाना खरं तेच बोलणारे. "जेवायची सुट्टी कधी व्हती ते बघत व्हतो."

"म्हणजे बँक रिकामी कधी असते ते?"

"व्हय, तेच की."

मॅनेजरने फोनला हात घातला. तेवढ्यात हिशेब आतून आला आणि ओरडला, "नाना! तुम्ही इथे?" तर नानांनी चटकन तोंड भिंतीकडे फिरवलं. सोडलेल्या जनावराला परत तोंड दाखवायचं नाही, असाही नियम होता. मॅनेजरने विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?" हिशेब म्हणाला, "हो." नाना भिंतीशीच बोलले, "मी नाय वळखत ह्यांना." हिशेब शपथेवर सांगतोय की हा माणूस आमच्या संस्थेत घुबडं सांभाळतो, आणि नाना शपथेवर सांगतायत की आपण या गृहस्थांना जन्मात पाहिलेलं नाही. शेवटी मॅनेजरने दोघांनाही चहा पाजला. नानांनी तो भिंतीकडे तोंड करूनच घेतला आणि परत टोपल्यांमागे जाऊन बसले.

ऑफिसात परतल्यावर मात्र त्यांचा चेहरा फुललेला होता. "सुटला," त्यांनी जाहीर केलं. हा त्यांचा खास शब्द. सोडलेला प्राणी आपलं आपण खायला लागला, की नाना म्हणायचे सुटला. "डबा पुरा खाल्ला. मेथी व्हती, तीबी टाकली न्हाई."

मग एकेक उजेडात येऊ लागलं. पुण्याहून खटखटचा फोन आला की समोरच्या इमारतीच्या जिन्यात एक माणूस दुर्बीण घेऊन उभा होता आणि सासूबाईंनी तिथे जाऊन त्याच्या अंगावर पाणी ओतलं. नाना म्हणाले, "वतलं खरं. पण ती गॅलरीत बसून पोहे खात व्हती. सुटली." म्हणजे आजवर गेलेल्या प्रत्येकाच्या मागे हा माणूस एसटीने गेला होता, कुठल्यातरी झाडाआड उभा राहिला होता आणि त्याला जेवताना पाहूनच परत आला होता. मला तेव्हा नानांचा इतका लोभ आला की मी त्यांना घट्ट मिठी मारणार होते. पण स्वेटरला वास येत होता.

दोन हजार सालानंतर गंगापूर रोड भराभर बदलला. पेरूची बाग गेली, तिथे सात मजली इमारत झाली. मग बंगल्याच्या मालकानेही जागा बिल्डरला दिली. संस्था एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायची ठरली. तिथल्या सोसायटीला साधा पोपटही चालत नव्हता. पिंजऱ्यांतले प्राणी वनखात्याकडे गेले. टेबलं, कपाटं, फायली सगळ्यांची सोय लागली. नानांची कुठे लावायची, हे मात्र कोणाला विचारवेना.

ते त्यांच्या बहिणीने ठरवलं. नांदगावजवळच्या खेड्यातून ती एके दिवशी तरातरा चालत अंगणात आली. भावापेक्षा लहान, पण आवाज दुप्पट. "दादा, बास झालं आता. गुडघं बघ कशे वाजत्यात. माझ्या घरी चल. बाजरी हाय, कांदा हाय, लेकरं हायेत. तुला काय कमी पडनार नाय."

नाना सरळ काट्यावर जाऊन उभे राहिले. खाली वाकून आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "कमी हाय," ते म्हणाले. "सोडता येनार न्हाई."

मग आमच्या सगळ्यांचा एकच उद्योग सुरू झाला, नानांना चारणं. जीपने मिसळ आणली, मोठ्या बाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या, मी डिंकाचे लाडू केले. नाना सगळं प्रेमाने ठेवून घ्यायचे. बंगल्याच्या आवारातले कावळे त्या दिवसांत इतके गुबगुबीत झाले की त्यांना फांदीवरून उडायचा कंटाळा यायचा. इकडे बिल्डरची माणसं रोज येऊन बघून जात होती. नाना नाही गेले तर राहतील कुठे आणि गेले तर जगतील का, एवढंच आता चहाच्या वेळी बोललं जायचं.

शेवटच्या वजनाला सगळे जमलो. नाना काट्यावर चढले. सुई आकडा वाचायला म्हणून शेजारी वाकला आणि त्याने आपल्या बुटाचं टोक अलगद काट्यावर टेकवलं. काटा सरकला. पर्समधलं पंचिंग मशीन ओळखणारा माणूस हा! नानांची नजर खाली गेली, सुईच्या बुटावर थांबली, बराच वेळ थांबली. मग त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"भरलं," ते म्हणाले.

फाटक उघडलं. आम्ही गाडीमागे गेलो आणि पाठ करून बसलो. पुढे पेरूची बाग नव्हती, इमारतीची मागची भिंत होती, आणि तिच्याकडे बघत आम्ही कान लावून बसलो. नानांच्या वहाणांचा आवाज येईना. रस्त्यावर बहिणीने कांद्याचा परतीचा टेम्पो थांबवून ठेवला होता, त्याचं इंजीन तेवढं धडधडत होतं. जीप हळूच म्हणाला, "पिंजऱ्यातून निघत नाहीत वाटतं."

"ढकलायचं नसतं," सुई कुजबुजला. "समोर खाणं ठेवायचं आणि थांबायचं."

"अहो, मग ठेवायचं होतं ना काहीतरी!" मोठ्या बाई.

एवढ्यात बहिणीने सगळे नियम धाब्यावर बसवले. "आरं ए दादा! येतो का न्हाई? टेम्पोवाला बोंबलून ऱ्हायलाय हितं!"

आणि वहाणा वाजल्या. गुडघेही वाजले. टेम्पोचं दार आपटलं. आम्ही वळून पाहिलं तर फाटकाच्या आकड्याला नाडीसकट दुर्बीण लटकत होती. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि त्यातलं काहीच नीट करता आलं नाही.

काही दिवसांनी नव्या फ्लॅटमध्ये फोन वाजला. बहीण एसटीडी बूथवरून बोलत होती, म्हणजे ओरडत होती. "ताई, दादा जेवत न्हाई वो. ताटावर बसतो, घास चिवडतो आन् उठतो. म्हनतो, बघू उद्या."

फोन ठेवला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सोडलेला प्राणी खात नसेल तर त्याला परत आणायचं, हा नियम सगळ्यांना पाठ होता. पण आणायचं कुठे? अंगणात जेसीबी उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. जीप, सुई, मी आणि मोठ्या बाई. त्यांना नको म्हटलं होतं, पण त्या आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या, आणि दुर्बीण त्यांच्याच गळ्यात होती. बहिणीला आधी कळवलं होतं. तिच्या घरासमोर वाट सोडून पलीकडे कडब्याची गंजी रचलेली होती, तिच्याआड आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो. इतकी वर्षं नानांनी जे एकट्याने केलं ते आम्हाला चौघांनाही धड जमत नव्हतं. जीपचा पाय मुंग्यांच्या वारुळात होता. मोठ्या बाईंच्या केसांत पाचोळा. "दिसतंय का?" "ढकलू नकोस." "अहो, दुर्बीण उलटी धरलीय तुम्ही."

नाना ओट्यावर बसले होते. स्वेटर होताच. बहिणीने समोर ताट आणून ठेवलं. बाजरीची भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. नाना ताटाकडे बघत बसले. भाकरीचा एक तुकडा मोडला, परत ठेवला. दुर्बीण माझ्याकडे आली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. पिंजऱ्यात पहिल्या दिवशी आणलेली घार जशी कोपऱ्यात बसते तसे बसले होते. आता काय करायचं?

आणि मोठ्या बाई शिंकल्या.

कडब्याचा भुसा नाकात गेला होता, त्यांचाही इलाज नव्हता. पण शिंक अशी, की गंजीवरच्या चिमण्या उडाल्या. आम्ही जागच्या जागी गोठलो. नानांनी मान वर केली. गंजीकडे पाहिलं. गंजीच्या एका बाजूने साडीचा काठ बाहेर आला होता आणि दुसऱ्या बाजूने सुईचा बूट. तोच तो बूट.

नाना उठतील, येतील, रागावतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी फक्त ताट हातात घेतलं आणि स्वतः जरासे वळून बसले, अगदी आमच्या समोर येईल असे. घराचा खांब मध्ये येत होता, म्हणून आणखी थोडे सरकले. मग भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. सावकाश, एकेक घास नीट दिसेल असा. कांदा दातांनी तोडला. "अगं, अजून एक आण," त्यांनी आत हाक मारली. बहीण दारात येऊन तोंडाला पदर लावून बघत राहिली आणि मग धावत दुसरी भाकरी घेऊन आली. तीही खाल्ली. बोटं चाटली. आणि मग त्यांनी रिकामं ताट दोन्ही हातांनी उभं धरून गंजीकडे केलं.

ताटात उन्हाची तिरीप चमकली. जीप डोळे पुसत होता आणि म्हणत होता, मुंग्या चावतायत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नाना सुटले, नाना सुटले! हात टाळीसाठी वरही गेले होते, पण मोठ्या बाईंनी ते धरले.

तेवढ्यात नाना ओट्यावरून उठले. आम्हाला वाटलं, आता हात धुवायला जातील. ते दोन पावलं चालत भिंतीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हलेनात.

"असे काय उभे राहिले?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सुईला आधी कळलं. तो उठला आणि हळूच म्हणाला, "चला. आपल्याला सोडतायत."

आम्ही एकामागे एक गंजीआडून निघालो. पाचोळा झटकला नाही, चपला वाजू दिल्या नाहीत. वाटेला लागलो तेव्हा मागून बहिणीचा खणखणीत आवाज आला. "आरं दादा, भितीकडं त्वांड करून काय उभा ऱ्हायलास?"

"गप," नाना दबक्या आवाजात म्हणाले. "आवाज करू नगं. बिथरतील."